एकट्याची सुट्टी

(नभोवाणीवरून झालेले भाषण)

गेल्या मार्गशीर्षात मी चिपळूणहून दापोलीच्या एस. टी. गाडीत बसलो, तेव्हा कंडक्टरने रिवाजाप्रमाणे विचारले, "किती?" मी म्हणालो, "एक." आणि वयाचा दाखला पुढे करून पुस्ती जोडली, "तेही अर्धे." पासष्ट वर्षे पुरी झालेल्या मनुष्यास आपल्या राज्यात एस. टी.चे भाडे निम्मे पडते, हे आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. कंडक्टर हसला, शेजारचे दोघे हसले, आणि मीही त्या हसण्यात सामील झालो.

सुट्टीतील एकटेपण या विषयावर मी चार शब्द बोलावेत, अशी सूचना केंद्राकडून आली त्या वेळी मला तो प्रसंग आठवला. विषय देणाऱ्यांनी माणूस मात्र अचूक हेरला. मी अविवाहित आहे. मॅट्रिक होऊन डी. एड. केले, सारी हयात प्राथमिक शाळांतून मास्तरकी केली आणि आता पेन्शन घेतो. पेन्शनर मनुष्यास सुट्टी कसली, असे कोणी विचारील. त्याचे सगळेच दिवस रविवार! परंतु सुट्टी म्हणजे नुसता कामाचा अभाव नव्हे. रोजची जागा सोडून, रोजच्या माणसांपासून दूर, दुसऱ्याच्या हातचे जेवत आठ दिवस राहणे, ही खरी सुट्टी. आणि ती पेन्शनरासही लागते.

आपल्या मराठी घरांत सुट्टी ही एकट्याने भोगावयाची वस्तू कधीच नव्हती. सुट्टी म्हणजे आजोळ, सुट्टी म्हणजे ओसरीवर ओळीने पसरलेली अंथरुणे आणि फणसाच्या गऱ्यांवरून होणारी भांडणे. एकटा मनुष्य परगावी गेला तर तो कामासाठी, नाही तर तीर्थयात्रेसाठी. निव्वळ हवा खाण्यासाठी एकटाच कोणी आला, तर लोकांना त्यात काही तरी गौडबंगाल वाटते. बुरोंडीस ज्यांच्या घरी मी उतरलो, त्या काकूंनी माझी पिशवी हातातून घेतली, माझ्या मागे फाटकाकडे पाहिले आणि विचारले, "बाकीची मंडळी मागाहून येतायत का?" मी म्हणालो, "बाकीची मंडळी नाहीत." यावर त्यांचा चेहरा असा काही कळवळला की, मला माझ्या स्थितीपेक्षा त्यांच्या मनःस्थितीचीच अधिक काळजी वाटली. त्या दिवसापासून माझ्या ताटात एक पोळी अधिक पडू लागली. एकट्या मनुष्याची भूक मोठी असते, असा आपल्या गृहिणींचा काही सिद्धांत असावा.

बुरोंडी हे गाव दापोलीपासून दहाबारा किलोमीटरांवर, खाली समुद्रकाठी आहे. दापोली वर डोंगरमाथ्यावर. इंग्रजांनी पेशवाई बुडाल्यावर तेथे लष्कराचा तळ दिला, म्हणून जुनी माणसे अजूनही तिला कॅम्प म्हणतात. थंडीत तेथे हवा खरोखरच गार असते. पुढे १९७२ साली कोकणचे कृषि विद्यापीठ तेथे झाले. दापोलीहून उतरत आले की, आंबा-काजूच्या बागांमधून एकाएकी समुद्र दिसतो. बुरोंडी मुख्यत्वे मासेमारीचे गाव. होड्या लागल्या म्हणजे किनाऱ्यावर बांगड्यांच्या आणि कोळंबीच्या पाट्यांभोवती जी गर्दी उसळते, तिच्यात उभे राहिल्यास एकटेपणाची बाधा पाच मिनिटेही टिकत नाही. उत्तरेस लागूनच लाडघर. तेथील समुद्रास तामसतीर्थ म्हणतात, कारण तांबूस वाळू व खडे यांमुळे पाण्यास लालसर झाक दिसते. दक्षिणेस कोळथरे. गावाजवळच्या उंचवट्यावर पृथ्वीच्या गोलावर उभा असलेला परशुरामाचा मोठा पुतळा आता लांबून दिसतो. मी तेथे नोकरीस होतो तेव्हा तो नव्हता. समुद्र मागे हटवून कोकणची भूमी ज्याने काढली, असे आपण म्हणतो, तो देवही एकटाच. ही गोष्ट मी काकूंना सांगितली, तर त्या म्हणाल्या, "त्याची गोष्ट वेगळी, गुरुजी. त्याला स्वयंपाक कुठे करावा लागत होता?"

मी तेथे नोकरीस होतो, असे आताच म्हणालो. १९८० ते १९८३ अशी तीन वर्षे मी त्या बाजूच्या एका शाळेत होतो, आणि ती सोडल्यानंतर एकेचाळीस वर्षे मी बुरोंडीस पाऊल टाकले नव्हते. यंदा गेलो. का गेलो, ते सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल. आणि जे सांगणार आहे ते सांगण्याचे माझे वय झाले आहे, असे मी समजतो.

त्या शाळेत माझ्याच बरोबरीने एक शिक्षिका होत्या. घाटावरच्या. समुद्र त्यांनी नोकरीवर रुजू होण्यापूर्वी पाहिलाही नव्हता. त्या वयाने माझ्याएवढ्याच. दुसरी-तिसरीचे वर्ग त्यांच्याकडे असत. मी त्यांना "बाई" म्हणे आणि त्या मला "गुरुजी" म्हणत. तीन वर्षांत आम्ही दोघे "तुम्ही"वरून खाली कधी उतरलो नाही. आजच्या तरुण श्रोत्यांना हे ऐकून हसू येईल. परंतु एवढ्याशा अंतरात किती मावत असे, हे त्यांना समजावून सांगण्यास माझ्यापाशी भाषा नाही.

आम्ही फिरावयास जात असू. तेही एकत्र नव्हे. दहा पावले अंतर ठेवून, आणि बहुधा शाळेची चार पोरे भोवती घेऊन. पोरे शिंपल्यांच्या मागे पांगली म्हणजे ते अंतर चार पावलांवर येई. लाडघरच्या बाजूस वाळूतून चालत जावयाचे आणि दिवेलागणीच्या आत परतावयाचे. आता येथे समुद्राचे वेळापत्रक आड येते. संध्याकाळी भरती असली तर चालावयास वाळूच उरत नाही. म्हणून आमचे फिरणे पंचांगावर चाले. मासेमारी करणाऱ्यांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची घटका निघते. अष्टमीस आठ पाऊण सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेले. पौर्णिमेस किंवा अमावास्येस पंधरा पाऊण सव्वाअकरा. म्हणजे दुपारच्या आधी भरती, आणि संध्याकाळी साडेपाचाच्या आसपास समुद्र दूर आत गेलेला. शिवाय या दोन तिथींना उधाण असते. पाणी जितके चढते, तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो. त्या दिवसांत पाणी फार चढतही नाही आणि फार उतरतही नाही. पावकी, निमकी, पाऊणकी ही कोष्टके शाळांतून गेली, त्याचे मला अजून वाईट वाटते. कोकणच्या किनाऱ्यावर तरी ती ठेवावयास हवी होती. असो. सांगावयाचे ते हे की, महिन्यातून दोनदा, पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आगेमागे, आमच्या वाट्यास रुंद वाळू येई. तशी तीन वर्षे गेली.

पुढे काय झाले, हे मी गेल्या चाळीस वर्षांत कितीदा तरी सांगितले आहे. भाचे-पुतणे मोठे झाले, त्यांनी विचारले, "मामा, तुम्ही लग्न का नाही केलेत?" तेव्हा सांगितले. शिक्षकांच्या प्रशिक्षण-शिबिरांत रात्री गप्पा रंगल्या, तेव्हा सांगितले. बाईंची जात निराळी होती, मी घरी विचारले, घरातून नकार आला. आईचे मन मोडणे मला जमले नाही. बाई बदली घेऊन आपल्या जिल्ह्यात निघून गेल्या. गोष्ट एवढीच. ऐकणारे हळहळत. मीही हळहळे. आणि खरे सांगावयाचे तर, त्या हळहळीत एक प्रकारचे समाधान असे. रिकाम्या घरात परत जाताना अशी एखादी गोष्ट बरोबर असली म्हणजे कुलूप उघडताना हात थरथरत नाही.

येथे मला कालिदासाच्या यक्षाची आठवण होते. संस्कृत मला अनुवादापुरतेच कळते. परंतु मेघदूताचे अनुवाद आपल्या भाषेत थोडेथोडके नाहीत. कृष्णशास्त्री चिपळूणकरांपासून कुसुमाग्रजांपर्यंत मोठमोठ्यांनी ते केले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांनीदेखील केला. हा यक्ष म्हणजे एकट्याने परगावी राहून जुन्या प्रीतीचे चिंतन करणाऱ्यांचा मूळपुरुष. कामात कसूर केली म्हणून कुबेराने त्यास एक वर्ष हद्दपार केले. बिनपगारी सक्तीची रजाच म्हणा. ती त्याने रामगिरीवर काढली. रामगिरी म्हणजे आपल्या नागपूरजवळचे रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले, आणि आज त्या रामटेकास कालिदासाच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय आहे. आठ महिने लोटले, चार उरले, आषाढातला ढग दिसला, आणि यक्षाने त्याच्याबरोबर निरोप धाडला.

आता या निरोपात यक्ष काय सांगतो, ते लक्षपूर्वक पाहावे. आपली प्रिया घरी काय करीत असेल, याचे तो मोठे बारीक वर्णन करतो. ती कृश झाली असेल, उंबरठ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजीत असेल, वीणा मांडीवर घेऊन सूर विसरत असेल, पिंजऱ्यातील मैनेशी आपल्याविषयी बोलत असेल. हे सारे ऐकताना मन भरून येते. परंतु ती खरोखर काय करीत होती, हे कोणी सांगावे? ढग उत्तर घेऊन आला, असे कवीने लिहिलेले नाही. तिच्या वाट्याचे दुःखही यक्षानेच रचून दिले आहे. मुलांना ही कथा मी वर्षानुवर्षे सांगितली, पण हे माझ्या ध्यानात आले ते अलीकडे. दूर राहिलेला मनुष्य आपले आणि दुसऱ्याचे अशी दोन्ही पात्रे एकटाच वठवितो.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच वाङ्मयात आहे. कवी अनिल, म्हणजे आत्माराम रावजी देशपांडे, आणि कुसुमावती जयवंत यांचा विवाह १९२९ साली झाला. त्यापूर्वीच्या वर्षांतील दोघांचा पत्रव्यवहार "कुसुमानिल" या नावाने १९७२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. कुसुमावतीबाई १९६१ सालीच वारल्या होत्या. त्याच वर्षी ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा झाल्या होत्या आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. नभोवाणीच्या श्रोत्यांस हेही सांगावेसे वाटते की, त्यांनी काही काळ आकाशवाणीतही काम केले. मला त्या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट की, त्यात पत्रे दोघांचीही आहेत. मागे राहिलेल्या मनुष्याजवळ नुसती आठवण नव्हती. समोरच्याचे उत्तर शाईने लिहिलेले होते. त्याने त्या काळाविषयी काही भलतेच म्हणावयाचे ठरविले असते, तरी ते कागद त्याला म्हणू देते ना.

मजपाशी पत्रे नव्हती. एकाच गावात राहणाऱ्यांस पत्रे कशास लागतात? मजपाशी होती ती एक टाचणवही. शिक्षकाने दररोज काय शिकवावयाचे त्याचे टाचण ठेवावे लागते. १९८२-८३ सालची ती वही ट्रंकेत तळाशी राहिली होती. बुरोंडीस निघताना, का कोण जाणे, ती मी पिशवीत टाकली.

अष्टमीस मी तेथे पोहोचलो. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर पाणी भरलेले. डोक्यावर अर्धा चंद्र. चार पावले कोरड्या वाळूत रुतत चाललो आणि परतलो. दुसऱ्या दिवशी काकूंचा नातू, सहावीतला, अंगणात बसून भरतीच्या वेळा मोबाइलवर पाहत होता. मी त्यास म्हणालो, "यंत्र ठेव बाजूला, मी तुला पाऊणकी शिकवितो." पोर हुशार. अर्ध्या तासात त्याला हिशेब आला, आणि यंत्राच्या वेळेशी तो थोड्या मिनिटांच्या फरकाने जुळला, याचा त्यास मोठा अचंबा वाटला. मग त्याने विचारले, "गुरुजी, हे तुम्हाला कोणी शिकवलं?" मी सहज म्हणालो, "इथेच शिकलो. आणि मग एका बाईंना शिकविले." ही गोष्ट मला स्वच्छ आठवत होती: समुद्र न पाहिलेल्या, घाटावरच्या त्या तरुण शिक्षिकेस मी, कोकणचा मनुष्य, वाळूवर काठीने आकडे काढून पाऊणकी समजावून देत आहे. माझ्या त्या तीन वर्षांच्या चित्रमालेतील ते एक आवडते चित्र.

रात्री टाचणवही उघडली. शेवटच्या पानावर दोन रकाने आखलेले होते: एकात तिथी, दुसऱ्यात भरती. प्रतिपदेपासून पंधरापर्यंत. अक्षर माझे नव्हते. बाईंचा "ळ" निराळा असे, पोटाशी गाठ मारल्यासारखा. तो "वेळ" या शब्दात दोनदा होता. खाली एक ओळ होती: "खारवी वाड्यातल्या आजींनी सांगितले. गुरुजींनी पाठ करावे." म्हणजे हिशेब त्यांनीच गावातल्या म्हातारीकडून मिळविला, त्यांनीच मला दिला, आणि पाठ करण्याची आज्ञाही वर केली! मी समुद्राकाठी वाढलेला, परंतु मला ते ठाऊक नव्हते. इतक्या वर्षांत मी शिष्याचा गुरू झालो होतो, आणि माझा मला पत्ताही लागला नव्हता.

डी. एड.च्या वर्गात मानसशास्त्राच्या तासाला बार्टलेट या केंब्रिजच्या शास्त्रज्ञाचे नाव आम्ही ऐकले होते. त्याने १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्मरणाविषयीचे प्रयोग आहेत. अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा त्याने आपल्याकडील माणसांस वाचावयास दिली आणि काही काळाने, पुनःपुन्हा, ती आठवून लिहावयास लाविली. प्रत्येक खेपेस कथा आखूड होई, आणि जे अनोळखी ते ओळखीचे होई. मूळ कथेतील माणसे सील नावाच्या जलचराच्या शिकारीस गेली होती. आठवून लिहिणाऱ्यांच्या कथेत ती मासे धरावयास गेली. लिहिणारे कोणी लबाड नव्हते. आठवण म्हणजे पेटीतून काढलेला कागद नव्हे. ती दर खेपेस नव्याने रचली जाते, आणि रचणारा आपल्या सोयीची सामग्री वापरतो, असा त्याचा निष्कर्ष. परीक्षेसाठी मी तो पाठ केला होता आणि त्यावर मला चांगले गुणही मिळाले होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पाऊणकी कोणी कोणास शिकविली, हा प्रश्न क्षुल्लक आहे, हे मलाही कळते. पण मास्तराने एका गणितात चूक सापडल्यावर वहीतील बाकीची गणिते तपासल्यावाचून राहू नये. मी तपासू लागलो. आणि ज्या गणिताकडे मी चाळीस वर्षे पाहिले नव्हते, तेथे येऊन थांबलो. ते विसरलो होतो, असे मी म्हणणार नाही. ते दुमडून ठेविले होते.

१९८३ साली एका अमावास्येस, रुंद वाळूवर, बाई मला म्हणाल्या, "पौर्णिमेपर्यंत घरी विचारून या." बदलीचा अर्ज द्यावयाचा की नाही, हे त्यांना ठरवावयाचे होते. मी शनिवारी दुपारी निघून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पडवीत बसून, हातांना तेल चोपडून, ओले काजूगर सोलीत होती. काजूचा चीक अंगाला लागला तर कातडी जाते, म्हणून ते काम सावकाश करावे लागते. मी तिच्यासमोर बसलो. तासभर बसलो. ती शेजारच्या गाईविषयी बोलली, धाकटीच्या स्थळाविषयी बोलली, पावसाळ्यापूर्वी कौले चाळावयास हवीत म्हणाली. तिने दोनदा विचारले, "काही बोलायचंय का?" मी म्हणालो, "नाही." दुपारी काजूगरांची उसळ जेवलो आणि गाडीत बसून परत आलो.

म्हणजे, श्रोतेहो, मी विचारलेच नाही.

पौर्णिमा फाल्गुनातील, होळीची. कोकणात शिमगा म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. सारे गाव होळीपाशी लोटले होते, ढोल वाजत होते, आणि किनारा रिकामा होता. त्या एका संध्याकाळी आमच्याबरोबर पोरेही नव्हती. मी बाईंना म्हणालो, "घरी विचारले. आई नाही म्हणते."

त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "विचारलेत ना, हे बरे केलेत. पुष्कळ जण तेवढेही करीत नाहीत."

हे वाक्य मी आजवर कोणालाही सांगितले नव्हते. शिबिरांतील त्या रात्रींच्या गप्पांत सगळे येई; समुद्र येई, चंद्र येई, आईचा नकार येई. हे मात्र कधी आले नाही. जूनमध्ये त्या बदलून गेल्या. पुढे त्यांचे लग्न झाले, असे कानावर आले. याहून अधिक त्यांच्याविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही.

आपण विचाराल की, मी घरी का बोललो नाही. या प्रश्नाचे उत्तर मी बुरोंडीस चार दिवस शोधीत होतो. आईची भीती म्हणावी, तर आई कडक नव्हती. १९९१ साली आमच्या वाडीतील एका मुलाने परजातीच्या मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न करून तिला घरी आणले. सगळी वाडी दारे लावून बसली. आई तांदूळ निवडीत होती, ती वर न पाहता म्हणाली, "मुलगी कामाची दिसते. नांदतील." १९९८ साली ती वारली. तिच्या हयातीत आणि तिच्या पश्चात, "आईने नकार दिला" हे मी सांगतच राहिलो. जिने नकार दिलाच नव्हता, तिला मी माझ्या गोष्टीतील खलपुरुषाचे काम दिले, आणि ते तिला कधी कळलेही नाही.

मला वाटते, मला तिच्या नकाराची भीती नव्हती. ती होकार देईल, याची होती. नकार आला असता तर सगळे होते तसेच राहिले असते: खानावळ, खोली, पंधरा दिवसांनी एकदा रुंद वाळू. होकार आला असता तर मला बिऱ्हाड करावे लागले असते, भावकीच्या तोंडाशी तोंड द्यावे लागले असते, आणि मुख्य म्हणजे दहा पावलांवरून दिसणाऱ्या त्या बाई एका चुलीपाशी येऊन राहिल्या असत्या. त्यांनी मला पाहिले असते. त्या वयात मी याला संयम म्हणत असे. आज त्याला काय म्हणावे, ते मी आपणांवर सोपवितो. माझ्या परिचयात एकटे राहिलेले पुरुष पुष्कळ आहेत. काहींना खरोखरच परिस्थितीने अडविले. त्यांच्याविषयी मी बोलत नाही. काहींना मुळातच एकटे राहणे आवडते; त्यांना माझा नमस्कार. पण आमच्यात काही असेही आहेत की, ज्यांच्या दुःखाची कथा इतकी सुबक झालेली आहे की, ती कोठे शिवली आहे ते हात लावून पाहावे.

बुरोंडीतील उरलेले दिवस मी काही दुःखात घालविले, असे समजू नका. गुरुवारी काकूंकडे मार्गशीर्षातील महालक्ष्मीचे व्रत होते. मला घटापुढच्या केळ्याचा प्रसाद मिळाला आणि मासळी मिळाली नाही. सकाळी होड्या येताना पाहिल्या. नातवाचे अपूर्णांक पक्के करून घेतले. एक दिवस खारवी वाड्यात जाऊन आलो. पाऊणकी सांगणाऱ्या आजी कोण, हे आता कोणाला ठाऊक नव्हते. आणि दररोज संध्याकाळी समुद्र पाऊण तास मागे सरकत होता. दशमीस थोडी ओली वाळू मिळाली, द्वादशीस त्याहून बरी.

पौर्णिमेस साडेपाचाच्या सुमारास खाली उतरलो. वाळू दूरवर उघडी पडली होती, पूर्वीइतकीच. लाडघरच्या बाजूस पर्यटकांची एक गाडी वाळूत रुतली होती आणि पाचसहा तरुण ती ढकलीत होते. मीही हात लाविला. त्यांच्यातील एक मुलगी म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकटेच फिरताय?" मी "हो" म्हणालो. एरवी अशा वेळी मी एक निःश्वास सोडतो आणि समोरचा विचारील अशी वाट पाहतो. या खेपेस मी तसे केले नाही. त्यांची गाडी निघाली.

सूर्य बुडाला, मागे डोंगरावर चंद्र आला, आणि पाणी परत चढू लागले. मी चपला हातात घेऊन बुरोंडीकडे वळलो. रात्री टाचणवहीच्या शेवटच्या पानावर, बाईंच्या अक्षराखाली, तारीख घालून मी एवढेच लिहिले की, "विचारले नव्हते." त्याखाली सही केली. मास्तराची सवय.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी वाटेसाठी फडक्यात चार पोळ्या बांधून दिल्या आणि विचारले, "पुढच्या वर्षी येणार ना? किती जण?" मी म्हणालो, "एक." त्यांनी तसे कॅलेंडरावर लिहून ठेविले.